पैकूजींचं माप

पैकूजी बावणे नव्या माणसाला आधी बसवायचे. नाव, गाव, काम हे सगळं मागाहून. तलावाच्या काठी दोन विटांवर ठेवलेली एक फळी होती. तुम्ही पाण्याच्या खात्याचे साहेब असा नाहीतर माझ्यासारखे लाकडाचे ठेकेदार, पैकूजी हातानं त्या फळीकडे दाखवायचे आणि म्हणायचे, "बस गा अगोदर." मग चार पावलं मागे जाऊन, मान तिरपी करून पाहत राहायचे. उभ्या माणसाची उंची त्यांच्या लेखी खोटी होती.

"उभा माणूस म्हणजे अर्धे पायच," ते म्हणायचे. "पाय काय वल्हवते का?"

मी भिलाईला आलो तेव्हा माझ्याजवळ एक सायकल आणि गोंदियाच्या एका टालवाल्याची, म्हणजे लाकडाच्या वखारवाल्याची, ओळख, एवढंच भांडवल होतं. कारखाना उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे परांच्या, बल्ल्या, बांबू, फळ्या. लोखंडाचा कारखाना असला तरी तो उभा राहत होता लाकडाच्या आधारानं, हे माझ्या लवकर लक्षात आलं. मी भाव पाडून घ्यायचो, चढवून द्यायचो, आणि भावाबरोबर आवाजही चढवायचो. तीन वर्षांत माझ्या नावाची टाल झाली, कारखान्यात जायचा गेटपास झाला. हे बढाई म्हणून सांगत नाही. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर २ मध्ये, अजून असे लोक आहेत जे म्हणतात की ठेकेदारानं पैकूजीचं नुकसान केलं. अर्धी गोष्ट सांगणाऱ्यांचा मला फार राग येतो. म्हणून पूर्ण सांगतो.

कारखान्याला पाणी लागतं, म्हणून एक मोठा तलाव होता. त्याची खोली मोजायला, गवत काढायला पाण्याच्या खात्यानं डोंगे ठेवले होते, सपाट बुडाचे, लांबट. त्या डोंग्यांसाठी दोन डझन वल्ह्यांची ऑर्डर मला मिळाली. नकाशावर लांबी स्पष्ट लिहिली होती, पाच फूट. तलावावर रोजंदारीनं काम करणारा एक ढिवर चांगली वल्ही करतो, भंडाऱ्याकडचा आहे, तळ्यांच्या मुलखातला, असं कळलं म्हणून मी गेलो. बस म्हणाले, बसलो. ते बघत राहिले. मला वाटलं, भाव करायच्या आधी माझा अंदाज घेताहेत. मीही छाती काढून बसलो.

"दोन डझन पाहिजेत, पैकूजी. पाच फुटी. शिवणीचं लाकूड मी आणून देतो."

"कोणाले?"

"पाण्याच्या खात्याले. डोंग्यांसाठी."

"डोंगा थोडीच वल्हवते. माणसं सांग."

"माणसं बदलत राहतात. वल्हे पाच फुटी पाहिजेत."

"मंग पाच फुटी माणसं आण."

मी भडकलो. लाकडाच्या सौद्यात समोरचा उलटा बोलला तर मला आवडतं, तिथे मार्ग असतो. पण हा माणूस भावाबद्दल एक शब्द बोलत नव्हता. मी मुद्दाम कमी भाव सांगितला होता, त्यांनी मान हलवली, संपलं. भाव न करणाऱ्या माणसाचं काय करायचं हे मला तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही. लांबीत मात्र ते बोटभर हटायला तयार नव्हते. मी अर्धा तास ओरडलो. पैकूजी वाकसानं एक ढलपी काढत बसले. शेवटी माझा घसा बसला तेव्हा त्यांनी लोट्यातून पाणी दिलं आणि म्हणाले, "उद्या सहा जणं पाठवजो. सकाळी. पोटभर जेवलेले नोको, बसणं बदलते."

चोवीस खलाशी सहा-सहा करून त्या फळीवर बसून गेले. मीही जायचो, आधी राखणीला, मग निव्वळ कुतूहलानं. पैकूजी फळीवर, माणसाच्या दोन मांड्यांच्या मधे, एक बांबू उभा करायचे आणि नाकाच्या शेंड्याशी खूण करायचे. तेवढा दांडा. खाली पान वेगळं. मग म्हणायचे, "हे झालं कच्चं." पक्कं व्हायला त्या माणसाला त्याच्या डोंग्यात बसवायचं. बसायचा पाट पाण्यापासून किती उंच, डोंग्याचं पोट किती रुंद, माणूस हात खांद्यापर्यंत उचलतो की कमरेशीच फिरवतो. डोंगा रुंद तर दांडा वाढायचा. हात उंच उचलणाऱ्याचा कमी व्हायचा. पान पूर्ण पाण्यात गेलं पाहिजे, पण दांडा ओला होता कामा नये. एवढाच त्यांचा कायदा होता. इंच-फूट त्यांना येत नसे. बोटं, मूठ, वीत. एकदा मी म्हटलं, फूट शिकून घ्या, सोपं आहे. तर विचारतात, "फूट कोणाचा?"

वल्ही तयार झाली तेव्हा एकाची लांबी दुसऱ्याशी जुळत नव्हती. मी ती स्टोअरमध्ये नेली आणि तिथल्या बाबूला सांगितलं, सगळी मिळून सरासरी पाच फूट आहेत. बाबू माझ्याकडे पाहतच राहिला. पण माझा आवाज त्याला माहीत होता. त्यानं शिक्का मारला.

मग मी पैकूजींना चुकीत पकडायला निघालो. मला पटत नव्हतं. बोटभर लांबीनं असा काय फरक पडतो? बिसाहू नावाचा एक छत्तीसगढी केंवट होता, आणि त्याच्याच बांध्याचा दुसरा एक खलाशी. दोघांच्या वल्ह्यांत जेमतेम एका बोटाचा फरक. एके सकाळी मी दोन्हींची अदलाबदल केली आणि काठावर पैकूजींशेजारी येऊन बसलो. पान लावलं, बिडी दिली, इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या. डोंगे निघाले. पैकूजी बोलता बोलता थांबले.

"बिसाहू आज डावीकडं कावून वाकून राहिला?"

"पाठ दुखत असंल."

"पाठ नाही. त्याचं वल्हं पोहोचून नाही राहिलं." मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "कोणती बदलवलीस? सांग, नाहीतर दुपारपर्यंत त्याची पाठ खरंच दुखंल."

मी कबूल केलं. बिसाहू परत आला आणि हातातलं वल्हं माझ्यापुढे नाचवत म्हणाला, "ए काकर डंडा धरा देस, ठेकेदार? मोर नोहे!" हे कोणाचं दांडकं मला दिलंस, माझं नाही! सगळे हसले. पैकूजी हसले नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नसावं. दुसऱ्याच्या चपला घालून कोणी चालायला लागला तर त्यांनी जसं पाहिलं असतं, तसं पाहत होते.

पैकूजी तलावाच्या काठीच एका झोपडीत राहायचे. बायको भागाबाई. तलावाच्या काठी राहून तिला पिण्याचं पाणी मात्र मजुरांच्या कॅम्पवरून डोक्यावर आणावं लागे, कारण तलावाचं पाणी कारखान्याचं होतं आणि गढूळही. तिच्या मावसबहिणीला सेक्टर २ मध्ये क्वार्टर मिळालं होतं. भागाबाई एकदा तिथे जाऊन आली आणि नंतर आठवडाभर नळाबद्दलच बोलत होती. तोटी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. बहीण म्हणाली, अगं वाया जाते ना पाणी! पण क्वार्टर पर्मनंट माणसाला मिळत असे, रोजंदारीवाल्याला नाही. माझ्यासमोर भागाबाई नवऱ्याला म्हणाली होती, "तुमी साऱ्या जगाचं माप घेता. एकदा मायं घ्या. पाहा घागरीनं मान किती खाली गेली तं."

पैकूजींनी खरंच तिच्याकडे पाहिलं होतं. मान तिरपी करून, बराच वेळ. आणि मग बाहेर जाऊन बसले होते.

पर्मनंट होण्याची वाट निघाली ती कारखाना उभारायला आलेल्या एका रशियन साहेबामुळे. सेर्गेईसाहेब म्हणायचे त्यांना सगळे. ताडासारखा उंच माणूस. त्यांनी आपल्या देशातून एक घडीची नाव आणली होती. लाकडी सांगाडा जोडायचा आणि त्यावर रबरी कापड चढवायचं. नावेला ते बायदारका म्हणत. ती इतकी अरुंद की माणूस तिच्यात बसत नसे, तिला पाटलोणीसारखा घालत असे. वल्हं एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पान, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. प्रवासात ते वल्हं मोडलं होतं. साहेबांनी कागदावर चित्र काढून आणलं. माणसाची उंची इतकी तर वल्ह्याची लांबी इतकी, असा त्यांच्याकडे तक्ताच होता. सोबत हिंदी बोलणारा दुभाषी. मला यात फायदा दिसला. रशियन साहेब खूश तर त्यांच्या वसाहतीचं लाकडाचं काम माझ्याकडे. मी त्यांना थेट फळीपाशी नेलं.

"बस गा साहेब," पैकूजी म्हणाले.

साहेब बसले. पैकूजींनी मान तिरपी केली. "बाप्पा! एवढा मोठा माणूस, आणि बसला का संपला."

"क्या कह रहा है?" दुभाष्यानं मला विचारलं.

"साहेब की तारीफ कर रहा है," मी म्हणालो.

पैकूजींचं म्हणणं सरळ होतं. साहेबांचे पाय लांब, धड आखूड. तक्त्यानं पायांची लांबी पण वल्ह्यात घातली होती. शिवाय नाव अरुंद, पाणी बसणाऱ्याच्या अगदी कोपराशी. वल्हं चित्रापेक्षा आखूड हवं. साहेब हसले आणि मान हलवली. नाही, तक्ता बरोबर आहे. पण पैकूजींनी वादच घातला नाही. त्यांनी चित्राबरहुकूम एक बांबू तोडला, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दोन्ही टोकांना पानं ठोकली आणि साहेबांच्या हातात दिला.

रविवार होता. अर्धं भिलाई काठावर जमलेलं. नाव निघाली, आणि दर हाताला तिचं नाक डावीकडे-उजवीकडे हलायला लागलं, पोहणाऱ्या म्हशीच्या मानेसारखं. लांब वल्ह्याचा फेर मोठा पडतो, नाव पुढे जायचं सोडून वळत राहते. साहेब परत आले ते कपाळाला आठ्या घालून. पैकूजींनी दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं बांबू कापला. पुढच्या रविवारी पुन्हा. नाक कमी हललं. पुन्हा दोन बोटं. तिसऱ्या खेपेला साहेबांची बोटं नावेच्या काठावर आपटली, सालपट निघालं. दुभाषी ओरडला. पैकूजी मात्र इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते.

"आता जास्त झालं," ते म्हणाले. "आता समजलं."

"अहो, पण चुकलं ना?"

"मंग? एकदा पलीकडं गेल्याबिगर अलीकडचं कसं समजन?"

नवा बांबू, प्रत्येक बाजूला एक बोट वाढवून. नाव सुतासारखी सरळ गेली. मग शिवणीचं खरं वल्हं झालं, चित्रापेक्षा चांगलं सहा बोटं आखूड. सेर्गेईसाहेबांनी आपला तक्ता खिशातून काढून त्यावर काहीतरी लिहून घेतलं आणि पैकूजींचा हात दोन्ही हातांत धरून जोरजोरात हलवला. मग पाण्याच्या खात्याच्या वर्मासाहेबांना दुभाष्यामार्फत विचारलं, हा माणूस रोजंदारीवर का?

मी तिथेच उभा होतो. संधी समोर आली की मी तिला सोडत नाही. पुढचे पंधरा दिवस मी वर्मासाहेबांच्या मागे लागलो. शेवटी ते म्हणाले, ठीक है, ट्रेड टेस्ट दे दे. पास झाला तर पर्मनंट, सेक्टर २ मध्ये क्वार्टर. नकाशा ठरलेला, एक वल्हं, बरोबर पाच फूट. सकाळपासून दुपारी चारपर्यंत वेळ. हत्यारं स्वतःची आणायची.

मी भागाबाईच्या समोर पैकूजींना बसवलं. त्यांच्याच फळीवर.

"पैकूजी, एक दिवस. एकच दिवस माझ्या मनानं करा. कोणाले, कोणता डोंगा, हे काही विचारायचं नाही. नकाशा म्हणते पाच फूट, तर पाच फूट."

"पण ते वल्हं कोण—"

"कोणीच नाही! भिंतीले टेकवून ठेवतील. नळ पाहिजे का नाही?"

पैकूजींनी भागाबाईकडे पाहिलं. "हाव," म्हणाले. "एक दिवस तुया मनानं."

त्यांच्याजवळ मोजपट्टी नव्हती. माझ्या टालीतली होती, पण ती द्यायला मी कचरलो. खरं सांगायचं तर माझ्या टालीतला फूट थोडा आखूड होता. मीच तो आखूड ठेवला होता. तेव्हा चांगला, नेमका फूट हवा म्हणून मी नामदेवकडे गेलो. नामदेव आमच्याकडचाच, कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये नुकताच पर्मनंट झालेला सुतार. तिथे लोखंडाच्या ओतीव भागांचे लाकडी नमुने करतात. तिथल्या पट्ट्या म्हणजे चकचकीत पोलादी, केसासारख्या बारीक रेघा. तो कँटीनला गेला होता. मी त्याच्या बाकावरची पट्टी उचलली आणि कोटाच्या आत घालून गेटाबाहेर आणली.

पैकूजींनी पट्टी हातात घेतली, तिच्यावर मूठ ठेवली, बोटं पसरली. पुन्हा ठेवली.

"हा फूट मोठा वाटते गा. तुया टालीतल्यापेक्षा."

"टालीतला सोडा!" मी ओरडलो, कारण टालीतल्या फुटाची गोष्ट मला वाढवायची नव्हती. "हा कारखान्याचा फूट आहे. इथं साऱ्या मशिनी यानं बनतात. तुम्ही कोणाले शिकवून राहिले?"

त्यांनी पट्टी धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली.

परीक्षेच्या दिवशी मी शेडच्या दारात उभा होतो. पैकूजी सकाळपासून मान वर न करता काम करत होते. इतकं सुंदर वल्हं मी त्यांच्याकडूनही पाहिलं नव्हतं. पानाचा मधला कणा निमुळता होत दांड्यात विरून गेला होता. मुठीचं गोल बोंड त्याच लाकडातून कोरलेलं. फोरमन दोनदा त्यावरून हात फिरवून गेला. चार वाजता त्यानं आपली पट्टी काढली, मोजलं. थांबला. पुन्हा मोजलं.

"पाँच फुट सवा इंच."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही.

"किस स्केल से नापा?"

पट्टी पैकूजींच्या पिशवीत होती. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. माझ्याकडे. क्षणभरच. मग फोरमनला म्हणाले, "हात से नापा, साब. हात चुक गया."

फोरमनला वाईट वाटलेलं दिसत होतं. पण माप चुकलं म्हणजे नापास, त्याच्या कागदावर दुसरी जागाच नव्हती. आणि मी? ज्याचा आवाज अख्ख्या स्टोअरला माहीत होता तो मी दारात उभा राहिलो आणि एक शब्द बोललो नाही. कारखान्याची पट्टी चोरून बाहेर नेली म्हटलं तर माझा पास जाणार होता आणि नामदेवची नवी नोकरी. हे मी त्या वेळी पूर्ण मोजलं होतं. मोजण्यात मी पक्का आहे.

संध्याकाळी नामदेवला गाठलं, तर त्यानं कपाळावर हात मारला. "अरे, तो आकसणीचा स्केल होता! पोलाद ओतलं का थंड होताना आकसते. म्हून नमुना थोडा मोठा करा लागते. त्या पट्टीवरचा फूट पाव इंच मोठाच असते. आमच्या शॉपच्या बाहेर त्याले कोणी हात नाही लावत!"

पाच फुटांना पाव-पाव इंच. सवा इंच. पैकूजींच्या मुठीला हे पट्टी हातात घेताच कळलं होतं. मी त्यांना गप्प केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पैकूजी टालीवर आले, गुंडाळलेली पट्टी माझ्या हातात दिली. "ज्याची त्याले देऊन देजो," एवढंच म्हणाले आणि तलावावर कामाला गेले. मी तलावावर गेलो तर भागाबाईनं नेहमीसारखा पाण्याचा लोटा पुढे केला. ती भांडली असती तर मी भांडणात तिला जिंकू दिलं असतं. ती फक्त लोटा देऊन घागर उचलून निघाली. मी ते पाणी प्यायलो नाही. परत ओतलंही नाही, ती कुठून आणते हे मला माहीत होतं. लोटा तसाच ठेवून आलो.

बारा दिवस मी सगळ्यांवर ओरडत होतो. नामदेववर, हमालांवर, गिऱ्हाइकांवर. तेराव्या दिवशी वर्मासाहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. पट्टी मी उचलली, नामदेवला माहीत नव्हतं, पैकूजीला तर ती कसली आहे हेच माहीत नव्हतं. साहेब लाल झाले. "तेरा पास अभी रद्द करता हूँ!"

"करा साहेब. पण परीक्षा पुन्हा घ्या."

"सौदा कर रहा है मुझसे?"

"हो," मी म्हणालो. "करून राहिलो."

त्यांनी पास घेतला. परीक्षाही पुन्हा ठेवली. माझं सहा महिन्यांचं काम गेलं. माझ्या बल्ल्यांच्या जागी दुसऱ्याच्या बल्ल्या लागल्या, आणि तो दुसरा अजून मला बाजारात हसून नमस्कार करतो. लोकांना माहीत काय झालं? पैकूजी नापास झाला आणि ठेकेदाराचा पास चोरीपायी गेला. दोन्ही खरं. पण त्यानंतरचं कोणी सांगत नाही. फोरमनच्या पट्टीनं पैकूजींनी दुसरं वल्हं केलं, बरोबर पाच फूट, आणि ते पास झाले. हे कोणी माझ्या खात्यावर धरत नाही. पैकूजी स्वतःसुद्धा सांगायला आले नाहीत. मला ते फार लागलं होतं. महिनाभर वाट पाहिली. मग दुसरा, तिसरा. अहिवाऱ्याकडे चुनखडीच्या खाणींवर लाकडाची मागणी निघाली होती, तिकडे टाल हलवायचं मी ठरवलं. जाण्याआधी एकदा तोंडावर विचारून टाकू म्हणून एका सकाळी सायकल काढून सेक्टर २ मध्ये गेलो.

दार उघडंच होतं. भागाबाई मोरीत उभी होती, नळाखाली बादली भरून वाहत होती आणि ती तिच्याकडे पाहत होती. मला पाहून तिनं तोटी बंद केली, लगेच पुन्हा उघडली आणि पेला भरून दिला. या खेपेला मी प्यायलो. पैकूजी ओट्यावर डबा बांधत होते. अंगात कारखान्याचा नवा खाकी सदरा.

"बस गा," म्हणाले. पण फळी नव्हती. मी उभाच राहिलो.

"कुठं टाकलं तुम्हाले?"

"स्टोअरात. वल्हे देतो, सही घेतो. आता बाहेरून येते, सारे एकसारखे."

"आणि माप?"

"माप कोणी विचारत नाही." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "उगा तोंड नोको पाडू. घागर उतरली ना तिच्या डोक्यावरची. ते काही कमी नाही."

भांडायचे शब्द मी वाटेत ठरवून आणले होते. ते कुठे गेले कोण जाणे. तोंडातून भलतंच निघालं.

"पैकूजी, तुम्हाले मुठीनंच समजलं होतं, पट्टी चूक आहे. मग त्याच मापानं कावून कापलं?"

ते जरा गोंधळल्यासारखे झाले, यात विचारण्यासारखं काय आहे असे. "तू म्हणला होता ना, एक दिवस माया मनानं करा. मी हाव म्हणलो होतो."

भोंगा झाला. ते उठले, चपला घातल्या. गल्लीतून खाकी सदऱ्यांची रांग निघाली होती, ते तिच्यात मिसळले. सदरे सगळे एकाच मापाचे दिलेले दिसत होते. पैकूजींच्या बाह्या चांगल्या वीतभर लांब होत्या आणि त्यांनी त्या दुमडल्या नव्हत्या. वळणावर थांबून त्यांनी माझ्याकडे हात केला. हात दिसला नाही. रिकामी लोंबणारी बाही तेवढी हलली.